दाताच्या डॉक्टरची भीती आणि गुंगी : गॅस, गोळी की पूर्ण भूल? (ठाणे / नवी मुंबई)

निशिगंधा_घोडबंदर

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितेय, आणि विषय माझ्यासाठी जरा अवघड आहे.

मी ४१ वर्षांची आहे आणि गेल्या मंगळवारपर्यंत सतरा वर्षं दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसले नव्हते. नऊ वर्षांची असताना गावाकडच्या एका दवाखान्यात माझी खालची दाढ काढली. भूल नीट चढली नव्हती, मी ओरडत होते आणि दोघांनी माझे हात धरून ठेवले होते. त्या खोलीतला फिनेल आणि लवंगतेलाचा वास मला अजून येतो. चोविसाव्या वर्षी अक्कलदाढ दाखवायला गेले, एक्सरे काढला आणि औषध घेऊन घरी आले, ते शेवटचं.

आता मागच्या महिन्यात तलावपाळीवर फुटाणे खाताना डावीकडची खालची दाढ अर्धी तुटली. महिनाभर उजव्या बाजूने जेवतेय. गार पाणी लागलं की कानापर्यंत कळ जाते. शेवटी गेल्या मंगळवारी नौपाड्यातल्या एका क्लिनिकमध्ये गेले. डॉक्टर चांगले होते बोलायला, रूट कॅनाल करावं लागेल म्हणाले. खुर्ची मागे गेली आणि शेजारच्या खोलीतून ड्रिलचा आवाज आला. हाताला घाम, छातीत धडधड. मी उठले, सॉरी म्हणाले आणि बाहेर पडले. गोखले रोडवर पोचल्यावर एका बाईंनी सांगितलं, अहो तुमच्या गळ्यात काहीतरी आहे. तो निळा कागदी रुमाल साखळीसकट तसाच होता. मी तिथेच एका दुकानाच्या पायरीवर बसले आणि रडले.

आता प्रश्न. त्या क्लिनिकमध्ये म्हणाले की भूलतज्ज्ञ बोलावून सलाइनमधून गुंगी देऊन करू. मानपाड्याच्या एका क्लिनिकमध्ये फोन केला तर ते म्हणाले आमच्याकडे गॅस आहे, तोच पुरेल. आणि आमचे फॅमिली डॉक्टर म्हणतात एक गोळी घेऊन जा. तीन ठिकाणी तीन उत्तरं. कोणी यातलं काही घेतलंय का? कशाने काय होतं? घरातले म्हणतात एवढं काय त्यात, बायका बाळंतपण काढतात. मला ते ऐकून आणखीच एकटं वाटतं.

---

ऐरोलीचा_पक्या

ताई, एकट्या नाही आहात. मी सात वर्षं टाळतोय. वाचतोय, धागा चालू राहू दे.

---

नौपाड्याचे_काका

निशिगंधाताई, त्रास समजला, पण माझं मत वेगळं आहे. एका दाढेसाठी माणसाला गुंगीत घालायचं म्हणजे मुंगी मारायला तोफ. माझ्या पाच दाढा निघाल्यात, सगळ्या साध्या सुईवर. सुई टोचते तेवढं दोन मिनिटं रामनाम घ्यायचं, मग काही कळत नाही. हल्ली प्रत्येक गोष्टीला पॅकेज जोडायची पद्धत पडली आहे. गुंगीचे धोके असतात, सुईचे त्यामानाने कमी. मन घट्ट करा असा माझा वडिलकीचा सल्ला.

---

दोन_वेण्या

काका, वडीलधारे आहात म्हणून आदराने सांगते, मन घट्ट करून होत असतं तर सतरा वर्षं गेली नसती.

मी कोपरखैरण्याला राहते, माझा मुलगा सात वर्षांचा आहे, ऑटिझम आहे. त्याला डोक्यावरचा दिवा सहन होत नाही, सक्शनचा म्हणजे लाळ ओढणाऱ्या नळीचा आवाज सहन होत नाही, अनोळखी माणसाने गालाला हात लावलेला चालत नाही. चार क्लिनिक झाली. एका ठिकाणी सांगितलं की चादरीत गुंडाळून धरू, पाच मिनिटांचं काम आहे. मी मुलाला उचलून बाहेर आले. वर निशिगंधाने लिहिलंय तसा प्रसंग त्याच्या आयुष्यात मला नको होता.

मग एका डेंटल कॉलेजच्या लहान मुलांच्या विभागात गेलो. तिथल्या मॅडमनी पहिल्या दिवशी तोंड उघडायलाही सांगितलं नाही, त्याला फक्त छोटा आरसा हातात दिला आणि घरी न्यायला सांगितला. दोन आठवडे तो आरसा आमच्या घरी फिरत होता, बाथरूममध्ये, उशीखाली, डब्यात. पुढच्या वेळी त्याने स्वतः तोंड उघडून आत आरसा धरला, एवढंच, पण एवढं झालं. पुढच्या दोन दातांना त्यांनी एक औषध लावलं, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, त्याने कीड पुढे सरकायची थांबते, ड्रिल लागत नाही, फक्त किडलेला भाग काळा पडतो. दुधाचे दात, पडायचेच होते, काळे तर काळे.

पण मागच्या सहा दाढांना ते पुरणार नव्हतं, दोनांना पू झाला होता. म्हणून पूर्ण भूल देऊन हॉस्पिटलच्या ओटीमध्ये सगळं एकाच वेळी केलं. आधी रक्त तपासणी, छातीचा एक्सरे, भूलतज्ज्ञांची वेगळी भेट. रात्रीच्या जेवणानंतर काही नाही, पाणी शेवटचं पहाटे पाच वाजता, सकाळी साडेआठला घेतलं. आत नेण्याआधी गोड सरबतासारखं गुंगीचं औषध पाजलं, दहा-पंधरा मिनिटांत तो माझ्या खांद्यावर सैल झाला, बाबांच्या शर्टाचं बटण धरून होता ते सुटलं. अडीच तास. चार फिलिंग, दोन दाढा काढल्या. संध्याकाळी घरी. जागा झाल्यावर अर्धा तास खूप चिडला, रडला, ते होतं असं आधी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही.

तोफ म्हणा काका, पण माझ्या मुलासाठी ती योग्य होती.

---

दंतवैद्या_सीवूड्स

मी दंतवैद्य आहे, प्रॅक्टिस नवी मुंबईत. निशिगंधा, तुम्ही उठून गेलात म्हणून कुठलाही बरा डॉक्टर तुम्हाला नावं ठेवणार नाही. उलट त्या दिवशी जबरदस्तीने काम झालं असतं तर पुढची सतरा वर्षं गेली असती.

तीन ठिकाणी तीन उत्तरं आली कारण तिन्ही खरी आहेत, पण वेगवेगळ्या पातळीच्या भीतीसाठी. आणि एक गोष्ट आधी सांगते जी बऱ्याच पेशंटना माहीत नसते: गॅस, गोळी किंवा सलाइनमधली गुंगी, यातलं काहीही घेतलं तरी हिरडीत भुलीचं इंजेक्शन द्यावंच लागतं. गुंगीने मन शांत होतं, दाढ बधिर होत नाही. फरक इतकाच की गुंगीत असताना त्या सुईचं काही वाटत नाही.

गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइड. नाकावर छोटा मास्क, तोंड मोकळं राहतं म्हणून दातांचं काम करता येतं. आधी नुसता ऑक्सिजन, मग हळूहळू गॅस वाढवतात, बहुतेकांना तीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी हवं तसं वाटू लागतं. यंत्र असं असतं की ऑक्सिजन साधारण तीस टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही, आपण श्वास घेतो त्या हवेत २१ टक्के असतो, म्हणजे तुम्हाला नेहमीपेक्षा जास्तच ऑक्सिजन मिळतो. तुम्ही जाग्या असता, बोलता, तोंड उघडा म्हटलं की उघडता. काम झालं की पाचेक मिनिटं परत नुसता ऑक्सिजन, आणि उतरतं. सलाइनची सुई नाही, सहसा उपाशीपोटी राहावं लागत नाही, हलकं खाऊन या म्हणतो. तोटा हा की नाकाने श्वास घ्यावा लागतो. सर्दी असली, नाक बंद असलं, मास्कनेच गुदमरायला होत असलं तर चालत नाही. आणि फार तीव्र भीतीला कधीकधी कमी पडतो.

गोळी सगळ्यात सोपी. डायझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम यांच्यापैकी काहीतरी, चिठ्ठीवर. तासभर आधी घ्यायची, सोबत माणूस हवा, दिवसभर गाडी नाही.

सलाइनमधून गुंगी, बहुधा मिडाझोलाम. डोळे जड होतात, हाक मारली की ओ देता, पण नंतर त्यातलं बरंचसं आठवतच नाही. तुमच्यासारख्या जुन्या आठवणीने घाबरणाऱ्या पेशंटला याचा खूप फायदा होतो कारण नवी वाईट आठवण तयार होत नाही. पूर्ण भूल दोन_वेण्यांनी लिहिली तशी, हॉस्पिटलमध्येच.

एक छोटं काम करा. भीती मोजायची पाच प्रश्नांची एक पद्धत आहे: उद्या अपॉइंटमेंट आहे म्हटल्यावर कसं वाटतं, बाहेर बाकावर बसल्यावर, दात ड्रिल होणार असेल तर, दात साफ करणार असतील तर, आणि हिरडीत सुई देणार असतील तर. प्रत्येकाला एक ते पाच गुण, एक म्हणजे काहीच नाही, पाच म्हणजे प्रचंड. बेरीज १९ किंवा जास्त आली तर भीती तीव्र समजतात. ती बेरीज कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. बोलायला जड जातं ते कागद सांगतो.

---

तुर्भे_नाका

लाफिंग गॅसने खरंच हसू येतं का?

---

वाशीकर_मंदार

मी घेतलाय, दोन वेळा, अक्कलदाढेसाठी. हसू नाही आलं, पण सगळं ठीक आहे असं वाटलं. सविस्तर लिहितो म्हणजे ताईंना कल्पना येईल.

मास्क मऊ रबरी होता, आत स्ट्रॉबेरीसारखा वास लावला होता पण खालून रबराचा वास येतच होता. पहिली एकदोन मिनिटं काहीच नाही, मला वाटलं माझ्यावर चालणार नाही. मग बोटांच्या टोकांना मुंग्या, मग पायाला. नंतर पाय जड आणि गरम, हिवाळ्यात गोधडीत शिरल्यावर होतात तसे. ड्रिलचा आवाज येत होता पण समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणीतरी भिंतीला भोक पाडतंय इतक्या लांबून. सुई दिल्याचं कळलं, गालात दाब आल्यासारखं, पण माझ्या अंगात दचकायचा जोरच नव्हता. मध्ये एकदा गॅस जास्त झाला आणि मळमळायला लागलं, मी हात वर केला, त्यांनी कमी केला, दोन मिनिटांत ठीक. ही त्याची चांगली गोष्ट, लगेच वाढतो लगेच उतरतो.

झाल्यावर वीस मिनिटं बसवून ठेवलं, दोन्ही पायांवर नीट चालून दाखवायला सांगितलं, मग ट्रान्सहार्बर पकडून ठाण्याला बहिणीकडे गेलो. गॅसचे दर वेळी दोन हजार वेगळे घेतले. माझ्या दृष्टीने सार्थकी लागले.

---

जुनी_पानं

गॅसचा विषय निघालाय तर थोडं अवांतर, पण मला ही गोष्ट फार जवळची वाटते. भुलीच्या इतिहासात दाताचा वाटा फार मोठा आहे. हम्फ्री डेव्हीने १८०० सालीच लिहून ठेवलं होतं की हा वायू शस्त्रक्रियेत वेदना घालवायला उपयोगी पडू शकेल, पण चाळीस-पंचेचाळीस वर्षं लोक तो जत्रेत करमणुकीसाठीच हुंगत होते. डिसेंबर १८४४ मध्ये अमेरिकेत हार्टफर्डला असाच एक खेळ लागला होता. गॅस घेतलेल्या एका माणसाच्या पायाला चांगलंच लागलं, आणि त्याला पत्ताच नाही. प्रेक्षकांत होरेस वेल्स नावाचा दंतवैद्य बसला होता, त्याच्या ते डोळ्यांत भरलं. दुसऱ्याच दिवशी त्याने स्वतः गॅस घेतला आणि सहकाऱ्याकडून स्वतःची दाढ काढून घेतली. आधी स्वतःवर!

पुढच्या महिन्यात बोस्टनला डॉक्टरांपुढे दाखवायला गेला, पेशंट मध्येच कण्हला आणि सगळ्यांनी वेल्सची हुर्यो उडवली. १८४६ मध्ये ईथरची भूल यशस्वी करून दाखवणारा मॉर्टन, तोही दंतवैद्यच, वेल्सचाच जुना भागीदार. वेल्स १८४८ मध्ये गेला, मान मिळायच्या आधी. दाताच्या खुर्चीतलं दुखणं माणसाला असह्य होतं म्हणूनच कोणीतरी यावर इतकं झटलं, त्यामुळे ताई, "एवढं काय त्यात" म्हणणाऱ्यांना हे सांगा.

---

गुंगी_आणि_जाग

मी भूलतज्ज्ञ, ठाण्यात काम करतो. दंतवैद्या मॅडमचा प्रतिसाद उत्तम आहे, फक्त "गोळी सगळ्यात सोपी" याच्याशी मी सहमत नाही. घ्यायला सोपी, सांभाळायला सगळ्यात अवघड. गॅस कमी-जास्त करता येतो, सलाइनमधून औषध थेंबाथेंबाने देता येतं, गोळी एकदा पोटात गेली की गेली. एकाच गोळीने एक माणूस नुसता जांभया देतो आणि दुसरा गाढ झोपतो. पाऊण तासात काही वाटलं नाही म्हणून लोक घरीच दुसरी घेतात आणि दोन्ही एकदम चढतात. सवयीने घोरणारे, जाड मानेचे, झोपेत श्वास अडकणारे, यांच्यात तर मी फार जपतो.

हलकी गुंगी, मध्यम गुंगी, खोल गुंगी, पूर्ण भूल, या पायऱ्यांच्या मध्ये दारं नसतात. माणूस एकीवरून दुसरीवर घसरू शकतो, म्हणून बघणारा माणूस लागतो. निशिगंधाताई, सलाइनची गुंगी घेणार असाल तर जाऊन सरळ विचारा: काम चालू असताना माझ्या श्वासाकडे कोण बघणार? जो दाढ करतोय तोच बघणार असेल तर मी माझ्या बहिणीला तिथे पाठवणार नाही. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र, दंडाला बीपीचा पट्टा, खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर, सक्शन, अंबू बॅग म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, मिडाझोलाम उतरवायचं इंजेक्शन म्हणजे फ्लुमाझेनिल, हे सगळं खोलीत हवं, "मागवता येईल" असं नको. सहा तास आधी घन पदार्थ बंद, दोन तास आधी पाणी बंद. शुगरचा त्रास असेल तर सकाळची पहिली वेळ घ्यायची आणि औषधांचं आधी विचारून घ्यायचं. नंतर मोठं माणूस सोबत, २४ तास गाडी नाही आणि महत्त्वाच्या कागदांवर सही नाही.

घाबरवायला लिहीत नाही. नीट दिलेली गुंगी फार सुरक्षित असते. नीट म्हणजे काय ते पेशंटला माहीत असावं, इतकंच.

---

दंतवैद्या_सीवूड्स

गुंगी_आणि_जाग, मान्य. घ्यायला सोपी असंच लिहायला हवं होतं मी. मी स्वतः गोळी देते ती फक्त आदल्या रात्री झोप यावी म्हणून, हलकी, आणि तीही बीपी-श्वासाचा इतिहास विचारून.

---

पाचपाखाडी_बायकर

गोळीबद्दल माझा अनुभव लिहितो म्हणजे कोणी तसं करू नये. वडिलांना झोपेसाठी अल्प्राझोलाम चालू होती. दाढ काढायची होती, मी डॉक्टरला न विचारता एक घेतली, काहीच वाटेना म्हणून आणखी अर्धी. दाढ निघाली, मस्त वाटत होतं, डॉक्टरांना काही बोललो नाही, बाईक काढली. तीन हात नाक्याचा सिग्नल मला दिसला, लाल आहे हेही कळलं, पण ब्रेक दाबायचा असतो हे हाताला उशिरा कळलं. पुढच्या रिक्षाच्या मागच्या बंपरला लागलो. वेग कमी होता, गुडघा खरचटला आणि रिक्षावाल्या दादांनीच मला फुटपाथवर बसवून पाणी दिलं. वडिलांनी त्यानंतर गोळ्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या. बरोबर केलं.

---

तुर्भे_नाका

मग गोळीपेक्षा एक पेग मारून गेलं तर? विचारून ठेवतो, माझा चुलतभाऊ तसं करणार आहे म्हणतोय.

---

गुंगी_आणि_जाग

चुलतभावाला सांगा, अजिबात नाही. दारू आणि गुंगीचं औषध एकत्र आलं की श्वास मंदावतो, उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते. दारूचा वास आला तर बरेच डॉक्टर काम न करता परत पाठवतात, आणि ते योग्यच आहे. त्याला भीती वाटते हे त्याने डॉक्टरला सांगावं, ते बाटलीपेक्षा स्वस्त आहे.

---

हिरवी_थाळी

खारघरहून. गॅस घेण्याआधी मला बी१२ बद्दल विचारलं होतं, ते कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. नायट्रस ऑक्साइड शरीरातलं बी१२ निकामी करतो, नॉर्मल असलेल्यांना थोड्या वेळाने फरक पडत नाही पण ज्यांचं आधीच खूप कमी आहे त्यांना नसांचा त्रास होऊ शकतो. मी पूर्ण शाकाहारी, दूधही फारसं नाही, माझं तपासलं तर खूपच कमी निघालं, पायाला मुंग्या यायच्या त्याचं कारणही तेव्हा कळलं. डॉक्टरांनी आधी इंजेक्शनचा कोर्स करायला लावला आणि दाताचं काम गॅसशिवाय, साध्या भुलीवर आणि खूप गप्पा मारत केलं.

गरोदरपणाचे पहिले तीन महिने, कानाचं नुकतंच ऑपरेशन, डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशनमध्ये आत गॅसचा बुडबुडा सोडलेला असेल तर, यातही गॅस देत नाहीत असं त्यांनी सांगितलं होतं.

---

ऐरोलीचा_पक्या

हे फार कामाचं. माझंही बी१२ कमी आहे, कोणी विचारलंच नसतं. बाय द वे दाढ काढल्यावर आइस्क्रीम खायला देतात ते अजून चालतं ना, का तेही बंद झालं?

---

दंतवैद्या_सीवूड्स

चालतं. साधं, मऊ, ड्रायफ्रूट नसलेलं, आणि चमच्याने. स्ट्रॉने ओढून काही प्यायचं नाही, आत तयार झालेली रक्ताची गुठळी निघून येते आणि मग खरं दुखणं सुरू होतं.

---

नौपाड्याचे_काका

परत लिहितोय. काल रात्री हा धागा सौ.ला मोठ्याने वाचून दाखवला, तिला मोबाईलवर अक्षरं दिसत नाहीत. दोन_वेण्यांच्या मुलाच्या आरशाचं ऐकताना ती गप्प झाली. मग म्हणाली, माझी वरची दाढ दोन वर्षांपासून हलतेय, मी सांगितलं नाही कारण तुम्ही म्हणाल रामनाम घे.

बेचाळीस वर्षांचा संसार आणि मला माहीत नाही. रात्री मी उठून बसलो होतो. गुंगीबद्दल माझं मत पूर्ण बदललंय असं नाही, पण विचारतो. तिचं वय ६८, बीपीची गोळी आहे, स्टेंट टाकला आहे, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. अशा माणसाला यातलं काय देतात? आणि ती गोळी बंद करायची असते का दाढ काढायच्या आधी?

---

गुंगी_आणि_जाग

काका, काकूंनी सांगितलं हे फार चांगलं झालं. रक्त पातळ करायची गोळी स्वतःहून एक दिवससुद्धा बंद करू नका. स्टेंट असताना ती बंद केल्याचा धोका दाढेच्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी मोठा असतो. बहुतेक वेळा एक-दोन दाढांसाठी ती चालूच ठेवतात, टाके आणि दाब देऊन रक्त थांबवतात. पण ठरवणार हृदयाचे डॉक्टर, त्यांच्याकडून चिठ्ठीवर लिहून आणा. बीपीची गोळी त्या दिवशीही वेळेवर.

गुंगीचं म्हणाल तर हृदयाच्या पेशंटमध्ये भीती हीच मोठी अडचण असते, घाबरून बीपी आणि ठोके वाढतात. त्यामुळे थोडा गॅस ऑक्सिजनसकट, मॉनिटर लावून, हा त्यांच्यासाठी वाईट पर्याय नाही. खोल गुंगी मी टाळीन.

---

दंतवैद्या_सीवूड्स

काका, एक भर. भुलीच्या इंजेक्शनमध्ये बहुधा अगदी थोडं अॅड्रिनलीन असतं, भूल टिकावी आणि रक्त कमी जावं म्हणून. त्याने काही जणांना दोनतीन मिनिटं धडधडतं आणि ते समजतात की भीतीने हार्टला काहीतरी झालं. काकूंना आधी सांगून ठेवा आणि डॉक्टरांना स्टेंटचं सांगा, ते प्रमाण कमी ठेवतील किंवा बिनअॅड्रिनलीनचं वापरतील. निशिगंधा, तुमच्यासाठीही हे: सुईनंतर धडधडलं तर ते औषध आहे, तीन मिनिटांत जातं.

आणि तुमच्या लहानपणी भूल का चढली नसेल ते सांगते. दाढ खूप सुजलेली, पू झालेली असली की तिथली आम्लता वाढते आणि भूल तिथे नीट काम करत नाही. अशा वेळी वेगळ्या जागी, मज्जातंतू जिथून येतो तिथे जास्तीची भूल द्यावी लागते आणि थांबावं लागतं. तुमचं काहीही चुकलं नव्हतं. थांबायला हवं होतं ते कोणी थांबलं नाही.

---

कळवा_कारशेड

पैशांचं कोणी बोलत नाहीये. भूलतज्ज्ञ बोलवायचा म्हणजे त्याची फी, औषधं, मॉनिटरचं भाडं, रूट कॅनालपेक्षा गुंगी महाग पडते कधीकधी. माझ्या मेडिक्लेमने दाताचं काम धरलंच नाही, अपघात नव्हता म्हणून. ज्यांना परवडत नाही त्यांनी काय करायचं?

---

दोन_वेण्या

कॉलेजं बघा. नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे, या पट्ट्यात डेंटल कॉलेजं आहेत, मुंबईत सीएसएमटीजवळ सरकारी आहे आणि मुंबई सेंट्रलला नायर आहे. खर्च बराच कमी येतो. वेळ जास्त लागतो, रांग असते, विद्यार्थी करतात आणि वर सर तपासतात. पण मला तिथे एक गोष्ट मिळाली जी खाजगीत विकत मिळाली नाही, कोणाला घाई नव्हती. गुंगीची सोय सगळीकडे सारखी नसते, आधी विभागात जाऊन विचारून या.

---

निशिगंधा_घोडबंदर

तीन आठवड्यांनी येतेय. तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद मी पुन्हापुन्हा वाचलेत, काही तर रात्री झोप येत नव्हती तेव्हा.

पाच प्रश्नांची बेरीज २३ आली. ती एका चिठ्ठीवर लिहिली, खाली लिहिलं की लहानपणी हात धरून ठेवले होते, आणि मानपाड्याच्या क्लिनिकमध्ये काउंटरवर दिली. आतल्या डॉक्टर मॅडमनी ती वाचली, खुर्ची सोडून माझ्याशेजारी स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, आज मी तुमच्या तोंडात काहीही घालणार नाही. आम्ही पंचवीस मिनिटं नुसतं बोललो. बी१२ विचारलं, हिरवी_थाळी तुमची आठवण आली, तपासून घेतलं, नॉर्मल आहे. त्यांनी मास्क घरी दिला, नुसता, नळीशिवाय. मी रोज रात्री भांडी झाल्यावर पाच मिनिटं तो नाकावर धरून ओट्याशी उभी राहायचे. मुलीने विचारलं काय करतेस, तिला सगळं सांगितलं. तिला मी माझं लहानपणीचं कधीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या भेटीत फक्त एक्सरे. तिसऱ्या भेटीत गॅस. मंदारने लिहिलंय तसंच, आधी बोटं, मग पाय. पण मला पायापेक्षा खांदे आठवतात. माझे खांदे कानाजवळ असतात हे मला माहीतच नव्हतं, ते खाली आले. हिरडीला आधी जेल लावलं, मग सुई, इतकी हळू की मी मनात साठपर्यंत मोजलं तरी चालू होती. धडधडलं. मी स्वतःला सांगितलं, तीन मिनिटं. घड्याळ समोर होतं, साडेतीन लागली. मग त्यांनी दहा मिनिटं काहीही केलं नाही, खरंच काही नाही, नुसत्या थांबल्या, आणि दाढेवर गार कापूस लावून विचारलं कळतंय का. नाही कळलं.

हात तीन वेळा वर केला. तिन्ही वेळा ड्रिल बंद झालं. दुसऱ्या वेळी मला काहीच होत नव्हतं, मी फक्त बघितलं की खरंच थांबतात का. मग रडू आलं. मॅडमनी सक्शन बाजूला ठेवलं, टिश्यू दिला, आणि आम्ही पुन्हा सुरू केलं. एक तास दहा मिनिटं. सलाइनची गुंगी लागली नाही, पण लागली असती तर काय विचारायचं हे माझ्या पर्समध्ये कागदावर लिहिलेलं होतं.

आता कॅपचं माप गुरुवारी चार वाजता. मॅडम म्हणाल्या त्याला गॅस लागणार नाही बहुतेक, पण यंत्र खोलीत असेल, खुर्चीत बसल्यावर तुम्ही सांगा.

---

नौपाड्याचे_काका

छान झालं पोरी. सौ.ची शनिवारी सकाळची वेळ घेतली आहे. हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणली, गोळी चालू ठेवा असं लिहून दिलंय. मी तिचा हात धरून बसणार आहे, तिला धरायचा असेल तर.

---

ऐरोलीचा_पक्या

ताई, त्या मॅडमचं नाव आणि वेळ व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? माझी बेरीज २० आली.

---

निशिगंधा_घोडबंदर

केला आहे. चिठ्ठी लिहून न्या.